मामाच्या नकाशातला बकरा

मामा गेला तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या. ‘नदीकाठच्या सुप्रसिद्ध मनोऱ्याच्या घराचे वास्तुरचनाकार’ असा त्यात त्याचा उल्लेख होता. मी ते वाचलं, पेपराची घडी घालून ठेवून दिली, पुन्हा उघडून वाचलं आणि माझा असा संताप झाला की काही विचारू नका. बरं, रागवायचं तरी कोणावर? छापणाऱ्याची काही चूक नव्हती. त्याने पुलावर उभं राहून घर बघितलं असणार, मनोरा आवडला असणार, लिहून टाकलं. हा मनोरा मामाने मुळात बांधायचा नाही म्हणूनच काढला होता, हे त्याला कोण सांगणार?

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. दोघांच्या वयात बरंच अंतर. आजोबा लवकर गेले, आजी सतत आजारी, त्यामुळे मामाला वाढवलं ते आईनेच. ती शिवणकाम करायची. मामाचा अभ्यास मशीनच्या बाजूला, कापडाच्या चिंध्यांवर बसून चालायचा. अभ्यास कमी आणि कापड बेतायच्या खडूने फरशीवर घरं काढणं जास्त. आई ती घरं पुसायची नाही. ग्राहक बायकांना सांगायची, “जरा बाजूने या हं, आमच्या धाकट्याचं बांधकाम चालू आहे.” तिने त्याला शिकवलं, शहरात पाठवलं, आणि तो आर्किटेक्ट होऊन परत आला तेव्हा त्याच्यासाठी शिवलेला कोट त्याला पोटात घट्ट झाला, कारण तिने माप जुनंच धरलं होतं.

आर्किटेक्ट झाला खरा, पण त्याच्या हातून घरं झाली नाहीत. गावाचा नदीकाठचा भाग जुना. दगडी पूल, पाण्यावर चालणारी जुनी गिरणी, काठाला लागून उतरत्या छपरांची घरं. तिथे विटेला हात लावायचा तरी वारसा समितीची मंजुरी लागायची. मामाला सुरुवातीलाच एका मोठ्या ऑफिसने असं एक अडकलेलं काम दिलं आणि त्याने ते पास करून दाखवलं. झालं! माणूस एकदा एखाद्या कामात हुशार निघाला की लोक त्याला दुसरं काही करू देत नाहीत. मोठमोठे आर्किटेक्ट आपापल्या इमारती काढायचे आणि समितीपुढे न्यायला मामाला बोलवायचे. इमारत उभी राहिली की कोनशिलेवर नाव त्यांचं. मामाला पेढी मोठी करता आली नाही. एक खोली, दोन टेबलं आणि एक ड्राफ्ट्समन. हा ड्राफ्ट्समन उंच, किडकिडीत, अजिबात न वाकणारा. त्याला सगळे पट्टी म्हणायचे.

मामी म्हणायची, “ह्यांनी गावातल्या सगळ्यांची घरं मार्गी लावली. आमच्या मोरीचा नळ तेवढा अजून समितीपुढे आहे.”

मामा आपल्या कामात पक्का होता, हे कबूल करायला हवं. नकाशा नेऊन आपटला आणि हात जोडले, असलं काही नाही. जागेवर आधी तो काठ्या उभ्या करायचा, इमारत जेवढी उंच होणार तेवढ्या, आणि त्यांच्या टोकांना दोऱ्या बांधायचा. म्हणजे हवेतच घराचा आकार दिसायचा. मग स्वतः पलीकडच्या काठावर घडीचं स्टूल टाकून बसायचा. सकाळी बसायचा, ऊन कलल्यावर बसायचा. पुलावरून गिरणी झाकली जाते का, शेजारच्या म्हाताऱ्याच्या ओट्यावरचं ऊन जातं का, सगळं बघायचा आणि दोऱ्या खाली घ्यायचा, मागे सरकवायचा. अशा बेताने बसवलेल्या इमारती आज त्या काठावर आहेत. त्या मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नाहीत, आणि मामाच्या लेखी हीच त्यांची तारीफ होती.

इथवर सगळं सरळ होतं. लबाडी होती ती बकऱ्यात.

बकरा हा त्यांच्या ऑफिसातला शब्द. बाहेर कोणाला माहीत नव्हता, मला तर कितीतरी वर्षांनी कळला. मामाचं म्हणणं असं, की समिती झाली तरी ती माणसंच. नकाशा पुढे आला आणि त्यात काहीच खोडलं नाही, तर आपण काय नुसता चहा प्यायला आलो होतो का, असं त्यांना वाटतं. मग ती काहीतरी खोडतातच. काय खोडतील त्याचा नेम नाही. चांगलं तेच नेमकं खोडतात. म्हणून आपणच खोडण्याजोगं काहीतरी द्यावं. ठळक, डोळ्यात खुपेल असं. दवाखान्याच्या नकाशात त्याने दारावर पितळी घुमट चढवला होता. वाचनालयाला जांभळ्या काचेची गोल खिडकी दिली होती. नकाशा तयार झाला की पट्टी विचारायचा, “साहेब, ह्यात बकरा कुठे बांधू?”

आणि समिती दरवेळी त्यालाच कापायची. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका होत्या, इतिहास शिकवायच्या. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा. केसांत पेन्सिल खोवलेली, आवाज वर्गातला. बाकीच्यांत एक छपराच्या उतारापलीकडे काही बघायचे नाहीत, एक इंजिनियर सांडपाण्यापलीकडे बोलायचे नाहीत, एक दुकानदार फक्त “गाड्या कुठे लावणार?” एवढंच विचारायचे. खरी नजर बाईंची. त्या पेन्सिल काढायच्या, घुमटावर टोक टेकवायच्या. “हे काय?”

मामाचा चेहरा असा काही पडायचा, की बघणाऱ्याला वाटावं, ह्याच्या घरातलं कोणी आजारी आहे. “बाई, त्याच्यावर फार जीव होता हो,” म्हणायचा.

“असेल. काढून टाका. बाकी ठीक आहे.”

मामा मान खाली घालून बाहेर यायचा आणि कोपऱ्यावर वळला की पट्टीच्या पाठीवर थाप मारायचा. त्याचा एक कडक नियम होता: बकऱ्याची गोष्ट मालकाला सांगायची नाही. एकदा सांगितली होती, तर बकरा कापला गेल्यावर तो मालक भर बैठकीत फिसकन हसला. मामाने खोकल्याचं नाटक करून कशीबशी वेळ मारून नेली. तेव्हापासून मालकालाही तो बकरा खराच वाटला पाहिजे, असं ठरलं. मालकाने हळहळावं, म्हणजे समितीची खात्री पटते.

आता आईच्या घराचं सांगते.

आई लग्नाआधी आणि लग्नानंतर भाड्याच्याच खोल्यांत राहिली. कधी जिना चढून, कधी बोळातून, पण मशीन नेहमी भिंतीला तोंड करून. जागाच नसायची दुसरी. त्या भिंतीवरचा प्रत्येक डाग तिला पाठ होता. बाबा गेल्यावर त्यांच्या वाट्याचा नदीकाठचा एक तुकडा तिच्या नावावर आला, गिरणी आणि शेजारचं घर ह्यांच्या मधला, अरुंद आणि लांबट. आईने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. तेव्हा मात्र मामाला म्हणाली, “धाकट्या, मला तिथे एक घर बांधून दे. मोठं नको. मशीनवर बसलं की समोर पाणी दिसलं पाहिजे, बस्स.”

घाई होती ती तिच्या डोळ्यांची. काचबिंदू निघाला होता. मी नर्स आहे, दुसऱ्या गावी नोकरीला होते. मला ह्या दुखण्याची चाल माहीत होती. नजर कडेकडेने जात राहते. औषधाने थोपवता येते, गेलेली परत आणता येत नाही. समोरचं तेवढं शेवटपर्यंत राहतं. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग बरंच आहे की. मला समोरचंच बघायचंय.”

मामाने त्या घरासाठी ऑफिसातली बाकीची कामं बाजूला सारली. सगळी हयात दुसऱ्यांची घरं पास करण्यात गेली होती. हे पहिलं त्याचं स्वतःचं. आणि घर काय काढलं होतं म्हणून सांगू! बसकं, राखी दगडाचं, जमिनीत थोडं उतरवलेलं, म्हणजे पुलावरून बघणाऱ्याला गिरणी पूर्वीइतकीच दिसावी. छप्पर गिरणीच्या छपराला समांतर. आणि नदीकडच्या खोलीला एक रुंद खिडकी. आई मशीनवर बसलेली असताना मामाने टेपने तिच्या डोळ्यांची उंची मोजली होती. ती म्हणाली, “अरे, तू शिंपी की मी?” खिडकीची खालची कड बरोबर मशीनच्या चाकाच्या वर येणार होती. त्या जागेवरून दोन्ही बाजूंना भिंती, एकीकडे गिरणीची, दुसरीकडे शेजाऱ्याची, आणि नेमकं मधोमध नदीचं वळण. पाणी लांबून येतं, वळतं आणि पुलाखाली जातं, ते फक्त तिथून दिसतं.

पट्टी नकाशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “साहेब, ह्याला बकरा नको. हे असंच जाईल.”

“असंच काही जात नसतं.”

“खरंच सांगतो. खोडायला काही नाहीच ह्यात.”

“म्हणूनच भीती वाटते,” मामा म्हणाला. “काही मिळालं नाही तर खिडकीला हात घालतील. काठावर एवढी रुंद खिडकी दुसऱ्या कोणाची नाही. खिडकी गेली तर उरलं काय?”

माझा मामा हुशार होता असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर त्या दिवशी त्याची हुशारीच त्याच्या मुळावर आली. त्याने खिडकीच्या समोर, पाण्याच्या काठाशी, एक मनोरा काढला. दगडी, चौकोनी, वर टोपीसारखं टोक, आत काही नाही. वर चढायला जिनासुद्धा नाही. नुसता उभा. कोणाचंही लक्ष खिडकीकडे जायच्या आधी मनोऱ्याला अडखळावं, हा हेतू. आंधळ्यालाही खुपेल असा बकरा त्याने बांधला आणि निश्चिंत झाला.

मग पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन तो आईकडे गेला. आईने ते मांडीवर घेतलं, मान इकडेतिकडे फिरवून बघितलं. मग मनोऱ्यावर बोट ठेवलं. “हे काय रे?”

नियम आड आला. मालकाला सांगायचं नाही. आणि मामा नुसता नियम पाळून थांबला असता तर एक वेळ चाललं असतं, पण त्याला नाटक करायची इतकी सवय झालेली, की तो म्हणाला, “ताई, तोच तर त्या घराचा प्राण आहे. किती वर्षं डोक्यात होता माझ्या.”

आईने मनोऱ्यावरचं बोट उचललं. मॉडेल परत करताना म्हणाली, “मग असू दे.”

बैठक नगरपालिकेच्या हॉलमध्ये होती. आई गेली होती, मी ड्युटीवर होते. तिथे काय झालं ते मला नंतर पट्टीने सांगितलं, आणि मामीने पट्टीकडून ऐकून पुन्हा सांगितलं. उतारवाल्यांनी उतार तपासला, पसंत. इंजिनियरनी सांडपाणी विचारलं, ठीक. दुकानदार म्हणाले, “गाडी?” आई म्हणाली, “मला कुठली गाडी!” सगळे हसले. मग नकाशा बाईंपुढे आला. त्यांनी पेन्सिल काढली. मामाने चेहरा पाडायची तयारी केली.

बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवून दिली.

“आज माझी शेवटची बैठक,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी ह्यांच्या नकाशांत काही ना काही कापत आले. दरवेळी ह्यांचा चेहरा बघून मला घरी गेल्यावर वाईट वाटायचं. आपण कोण टिकोजीराव, त्या माणसाने जीव ओतून काढलेलं कापणारे? आज ह्यांच्या सख्ख्या बहिणीचं घर आहे. आज मी एक रेघ खोडणार नाही.”

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. बाई आईकडे वळल्या. “हा मनोरा तुमच्या खिडकीच्या समोर येतो, बघितलंत ना? तुम्हाला पसंत आहे?”

हा एक प्रश्न. आईने नुसतं तोंड वाकडं केलं असतं तरी बाईंनी पेन्सिल पुन्हा उचलली असती. आई उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती, पण पट्टी म्हणतो की आवाज अगदी खणखणीत होता. “माझ्या भावाने काढलंय. त्याच्या मनासारखं होऊ द्या. मनोऱ्याला तर मुळीच हात लावू नका.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे अट घालून दिली, की घर काढलंय तसंच बांधायचं, मनोऱ्यासकट. पुढे येणाऱ्या कोणी त्यात बदल सुचवू नये. मामा उठला. “बाई...” एवढंच म्हणाला.

“आभार मानू नका,” बाई म्हणाल्या. “उशीरच झाला मला.”

त्या क्षणी मामाने बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, की बाई, तो मनोरा काढून टाका, चूक झाली. पण तसं म्हणायचं म्हणजे त्या बाईंना, त्यांच्या शेवटच्या दिवशी, भरल्या डोळ्यांसमोर सांगायचं, की इतकी वर्षं तुम्ही जे कापत होतात ते मी तुम्हाला खेळायला दिलं होतं. मामाला ते जमलं नाही. तो खाली बसला. मला हे कळतं आणि तरीही मी त्याला माफ करू शकत नाही.

बाहेर आल्यावर कोपरा वळला तरी कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारली नाही. मामाने दुसऱ्याच दिवसापासून नगरपालिकेत खेटे घालायला सुरुवात केली. बदल करायचा तर अर्ज नव्याने. पुन्हा काठ्या, पुन्हा शेजाऱ्यांच्या हरकती. आणि बाई पदावरून उतरल्यावर नवा अध्यक्ष नेमला जाईपर्यंत समितीच बसणार नाही. नेमणूक कधी, तर कोणालाच माहीत नाही. मनोरा न बांधता घर पुरं करावं, तर राहायला जायचा दाखला मिळणार नाही. मामाने तेही करून बघायचं मनात आणलं होतं, पण दाखला नाही तर नळ नाही, वीज नाही. डोळे जात चाललेल्या बहिणीला अंधारात कसं ठेवणार?

आईकडे येऊन तो म्हणाला, “ताई, जरा थांबूया का? अजून थोडं सुधारावं म्हणतो.”

“आणखी काय सुधारतोस?” आई म्हणाली. “एवढं चांगलं काढलंयस. मला दिसतंय तोवर राहायला जाऊ दे बाबा.”

मग बांधकाम सुरू झालं. मी रजा घेऊन आले तेव्हा मनोरा खिडकीच्या वर गेला होता. मी नव्या खोलीत आईच्या जागी उकिडवी बसले, डोळे तिच्या उंचीवर आणले, आणि समोर बघितलं. दगड. मी तशीच बाहेर गेले. मामा गवंड्याशी बोलत उभा होता. त्याला सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तिला समोरचं तेवढंच दिसणार आहे, आणि समोर तू हे उभं केलंस?”

गवंडी दुसरीकडे बघू लागला. मामा मला काठाशी घेऊन गेला आणि त्याने तेव्हा मला सगळं सांगितलं. बकरा, नियम, बाई, सगळं. सांगताना मोजपट्टी उघडत होता, मिटत होता. मनोऱ्याची रुंदी नियमात बसेल तितकी कमी केली होती म्हणाला, तळहाताएवढी. त्याहून जास्त केली तर तपासणीत सापडेल.

“तळहाताएवढी!” मी म्हणाले. “वा! केवढे उपकार केलेस!”

“तुझ्या आईला सांगू नकोस,” तो म्हणाला.

“का नको? तिला कळू दे तिचा भाऊ किती शहाणा आहे ते.”

“तिला वाटतंय की मला तो हवाय. तेवढं तरी राहू दे.” मग तो रडला. साठीच्या पुढचा माणूस, बांधकामावर, दगडांच्या ढिगाशेजारी. मी त्याला रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. माझा राग कमी झाला नाही, पण मी वचन दिलं आणि पाळलं.

खोटं कशाला बोलू, मनोरा पुलावरून सुरेख दिसतो. मामाला वाईट काही काढताच यायचं नाही, बकरासुद्धा त्याने प्रमाणात काढला होता. घर बांधून झाल्यावर लोक बघायला यायला लागले. कॉलेजची मुलं वह्या घेऊन बसायची. नवी समिती बसली तेव्हा ती दुसऱ्या अर्जदारांना म्हणू लागली, की त्या मनोऱ्याच्या घरासारखं काहीतरी करा. काठावर आता तसे आणखी दोन-तीन मनोरे आहेत, एकाहून एक बेढब. मामा त्या रस्त्याने जाताना मान वर करायचा नाही. ऑफिसात पट्टी होता, कामं येत होती, पण बकरा कुठे बांधू असं त्याने पुन्हा विचारलं नाही आणि मामानेही नकाशात तसलं काही काढलं नाही. मग समितीने खरंच चांगल्या गोष्टी कापल्या. मामा न भांडता घरी यायचा.

आणि आई? आईने मशीन आधी खिडकीच्या मधोमध मांडलं. काही दिवस तशी बसली. मग डावीकडे सरकवलं, तर गिरणीची भिंत. उजवीकडे नेलं, तेव्हा मनोरा आणि शेजाऱ्याची भिंत ह्यांच्या मधून टॉवेलाएवढं पाणी दिसायला लागलं. मशीन तिथेच राहिलं. पाणी बघायला तिला मान वाकडी करून बसावं लागायचं, आणि संध्याकाळी मान चोळताना ती म्हणायची, “वय झालं, दुसरं काय.” कडेची नजर जात राहिली. टॉवेलाचा हातरुमाल झाला. मला माहीत होतं तसंच सगळं होत गेलं. आईने एकदाही तक्रार केली नाही, आणि त्या वेळी मला तिचाही राग यायचा.

मामा रोज तिच्याकडे चहाला यायचा आणि खिडकीकडे पाठ करून बसायचा. एक दिवस मीही तिथे होते, कप विसळत होते. पुलावर कोणीतरी फोटो काढत होतं, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. आईने मशीन थांबवलं.

“धाकट्या, एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“तुझ्यावर कधी रागावलोय?”

“हा तुझा मनोरा,” आई म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासून नाही आवडला रे. पुठ्ठ्याचा होता तेव्हाच नाही आवडला. त्या बाईंनी विचारलं तेव्हा अगदी ओठावर आलं होतं, की काढून टाका म्हणून.”

मी नळ बंद केला. मामा तिच्याकडे बघत होता.

“मग?” त्याने विचारलं.

“मग काय? तूच नाही का म्हणालास, त्याच्यात प्राण आहे म्हणून? तुझ्या नकाशांतलं तुला आवडेल तेवढंच नेमकं कापतात म्हणे ते लोक. पट्टी सांगायचा मला, साहेबांचा चेहरा बघवत नाही. म्हटलं, आता ही एक गोष्ट तरी माझ्या भावाच्या मनासारखी होऊ दे. मला काय, इतकी वर्षं भिंतच बघत आले, आणखी थोडी.” मग तिने जरा घाबरल्यासारखं विचारलं, “झालं ना रे तुझ्या मनासारखं?”

मी कप धरून उभी राहिले. मला वाटलं, आता सांगेल. आता तरी सांगेल. मामाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग खुर्ची फिरवली आणि त्या खोलीत पहिल्यांदाच खिडकीकडे तोंड करून बसला. मनोऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी खूश झालेल्या माणसासारखा हसला.

“झालं, ताई,” तो म्हणाला. “अगदी मनासारखं झालं.”

आई खूप दिवसांनी इतकी समाधानी दिसली. तिने मशीनच्या चाकाला हात घातला आणि अर्धवट राहिलेली शिवण पुढे सुरू केली.